धंद्याच्या काळजीला तारीख आणि आकडा द्या: छोट्या व्यावसायिकांसाठी नियोजनाची पद्धत

छोटा व्यवसाय चालवणाऱ्या माणसाला "नेमका कसला ताण आहे?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "सगळ्याचाच." मी छोटी कार्यशाळा चालवत होतो तेव्हा माझंही उत्तर हेच असायचं. एका सुट्टीच्या दिवशी मी ते "सगळं" कागदावर लिहायला बसलो. एकूण ३२ गोष्टी निघाल्या. त्यांपैकी १९ गोष्टींबाबत पुढचा महिनाभर काही करण्याची गरजच नव्हती. झोप उडवणारी गोष्ट खरं तर एकच होती: दोन मोठी देणी एकाच आठवड्यात येत होती आणि त्या आठवड्यात येणी जवळपास नव्हतीच. मनात कुठेतरी ते माहीत होतं, पण कोणत्या तारखेला आणि किती कमी पडणार, हे मी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाबद्दल एक मांडणी केली. कामाचा भार जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त थकवते, असा तिचा आशय आहे. मालकाकडे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याच्या हातात तर सगळंच आहे. पण गिऱ्हाईक पैसे कधी देणार, माल कधी पोचणार, कामावरचा माणूस उद्या येणार की नाही, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. नियोजन केल्यानं काम कमी होत नाही. कोणत्या गोष्टीचं कधी आणि काय करायचं, हे मात्र डोकं शांत असताना ठरलेलं असतं आणि निसटलेला ताबा थोडा थोडा परत येतो. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. पहिल्या दोन या आठवड्यात करा, बाकीच्या महिना-दीड महिन्यात सावकाश.

पायरी १: डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा

साधारण ४० मिनिटं सलग मिळतील अशी वेळ निवडा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. डोक्यात घोळणारी प्रत्येक गोष्ट एकेका ओळीत लिहा. क्रम लावू नका, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं ठरवू नका. राहिलेलं बिल, बिघडलेलं यंत्र, रागावलेलं गिऱ्हाईक, भरायचा कर, ज्याला उत्तर द्यायचं राहून गेलं तो निरोप, सगळं येऊ द्या. पहिली दहा-बारा मिनिटं भराभर जातात, मग हात थांबतो. तिथे उठू नका. थोड्या वेळानं ज्या गोष्टी वर येतात त्या आपण टाळत आलेल्या असतो, आणि त्याच जास्त कुरतडत असतात.

या यादीचं पुढे काय करायचं, याबाबत एक उपयोगी संशोधन आहे. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की अपुरी राहिलेली कामं दुसरं काही करताना मनात घुसत राहतात. मात्र त्या कामासाठी नेमकी योजना आखली, की काम पूर्ण झालेलं नसतानाही ही घुसखोरी थांबते. म्हणजे डोकं हलकं व्हायला सगळी कामं संपायची वाट पाहावी लागत नाही. ते काम कधी आणि कसं होणार, याचा भरवसा मनाला मिळावा लागतो.

म्हणून प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: पुढची कृती आणि तिची तारीख. "पुरवठादाराचं बिल" एवढंच लिहिलं तर ती नुसती काळजी झाली. "मंगळवारी सकाळी पुरवठादाराला फोन करायचा, निम्मी रक्कम आता आणि निम्मी २० तारखेला चालेल का ते विचारायचं" हे झालं काम. वाक्यात क्रियापद नसेल तर ती ओळ अजून काळजीच आहे असं समजा.

काही ओळींपुढे कृती सुचणारच नाही. समोर नवा स्पर्धक उभा राहतो आहे, कच्चा माल महागेल अशी चर्चा आहे, असल्या गोष्टी. त्या वेगळ्या पानावर काढा आणि पानाच्या वर एक तारीख टाका, साधारण महिनाभरानंतरची. त्या दिवशी ते पान उघडून वाचायचं. तोवर तो विचार मनात आलाच, तर त्याची जागा कागदावर ठरलेली आहे हे आठवायचं. ऐकायला फार साधं वाटतं, पण १९ ओळी मी अशाच वेगळ्या पानावर काढल्या होत्या आणि त्या रात्री मला झोप लागली होती.

पायरी २: पुढच्या १३ आठवड्यांच्या पैशांचा तक्ता

हा या लेखाचा सगळ्यात मोठा भाग आहे आणि तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. छोट्या व्यवसायातला निम्म्याहून जास्त ताण शेवटी पैशांच्या वेळेपाशी येऊन थांबतो, असं माझं अनुभवावरून बनलेलं मत आहे. पैसे किती, यापेक्षा पैसे कधी, हा प्रश्न जास्त छळतो.

नफा आणि हातातले पैसे या वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबाच्या वहीत नफा दिसतो आणि खात्यात पगारापुरतेही पैसे नसतात, असं चांगल्या चालणाऱ्या धंद्यातही होतं. कारण समजायला एक छोटं गणित करा. माल आणल्यापासून तो विकला जाईपर्यंत सरासरी ४५ दिवस लागतात असं धरा. विकल्यावर पैसे हातात यायला ४० दिवस. पुरवठादार तुम्हाला ३० दिवसांची मुदत देतो. ४५ अधिक ४०, वजा ३०, म्हणजे ५५ दिवस तुमचे पैसे धंद्यात अडकलेले असतात. रोजचा खर्च २ असेल (आकडे हजार रुपयांत समजा), तर ११० कायम अडकलेले. आता धंदा दुप्पट झाला. रोजचा खर्च ४, अडकलेले पैसे २२०. वरचे ११० कुठून आणायचे? धंदा वाढत असताना माणूस जास्त हैराण का होतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकलेलं काहीच नसतं, वाढीला लागणारे पैसे आधी मोजलेले नसतात एवढंच.

आता तक्ता. मोठा कागद घ्या किंवा संगणकावर एक्सेल उघडा. वर आडव्या ओळीत १३ आठवड्यांच्या तारखा लिहा. १३ आठवडे म्हणजे एक तिमाही. पुढचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरावा इतकं ते जवळ आहे, आणि अडचण दिसली तर काही करता यावं इतकं लांबही. उभ्या रकान्यात चार भाग करा: आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, शेवटची शिल्लक. एका आठवड्याची शेवटची शिल्लक ही पुढच्याची सुरुवात.

जाणारे पैसे भरणं सोपं असतं: पगार, भाडं, कर्जाचा हप्ता, कर, वीज, पुरवठादारांची देणी. स्वतःच्या घरखर्चासाठी तुम्ही जी रक्कम उचलता, तीही ठरलेल्या आकड्यानं लिहा. बरेच मालक ही ओळ वगळतात, आणि मग तक्ता शिल्लक दाखवतो पण गल्ला रिकामा असतो. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च आठवण्यासाठी मागच्या वर्षाचं बँकेचं खातेपुस्तक पानापानानं चाळा. आठवणीवर विसंबू नका.

येणारे पैसे भरताना स्वतःशी अगदी खरं वागा. बिल कधी दिलं किंवा मुदत कधी संपते, ही तारीख इथे कामाची नाही. हे गिऱ्हाईक मागच्या तीन वेळा प्रत्यक्ष किती दिवसांनी पैसे देत होतं, ते पाहा आणि त्या आठवड्यात रक्कम लिहा. जे काम अजून मिळालेलंच नाही, त्याचे पैसे पेन्सिलनं लिहा आणि बेरजेत धरू नका.

एक उदाहरण करून पाहू. इथेही आकडे हजार रुपयांत समजा. सुरुवातीची शिल्लक १००.

पहिला आठवडा: आले ४०, गेले ५५, उरले ८५.
दुसरा: आले ३०, गेले ३५, उरले ८०.
तिसरा: आले २०, गेले ७५ (पगार आणि भाडं), उरले २५.
चौथा: आले ३५, गेले ३०, उरले ३०.
पाचवा: आले २५, गेले ३०, उरले २५.
सहावा: आले १५, गेले ६० (पुढचा पगार आणि कराचा हप्ता), शिल्लक उणे २०.

सहाव्या आठवड्यात २० कमी पडणार आहेत. आज पाहिलं तर खात्यात १०० आहेत आणि सगळं आलबेल दिसतं. तक्ता नसता तर ही गोष्ट सहाव्या आठवड्याच्या सोमवारी कळली असती, आणि मग उसनवारी, महागडं कर्ज, कुणाचीतरी बोलणी. आता हातात पाच आठवडे आहेत, आणि २० ही पाच आठवड्यांत सुटणारी अडचण आहे.

ती सोडवायचे मार्ग मी या क्रमानं धरतो. आधी येणी: ज्यांच्याकडे मुदत उलटलेली उधारी आहे त्यांना याच आठवड्यात फोन. मग नव्या कामांवर आगाऊ रक्कम मागणं. मग टाळता येणारी खरेदी पुढे ढकलणं. मग पुरवठादाराशी बोलून एखादं देणं दोन भागांत विभागणं. कर्ज सगळ्यात शेवटी. देणं लांबणार असेल तर तारीख यायच्या आधी, स्वतः होऊन सांगा, आणि नवी तारीख देऊन ती पाळा. आधी सांगणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. तारीख उलटल्यावर फोन न उचलणाऱ्याची पत एकदा गेली की तिची भरपाई करायला फार दिवस जातात.

दर आठवड्याला संपलेला आठवडा काढून टाका आणि शेवटी एक नवा जोडा, म्हणजे समोर कायम १३ आठवडे राहतात. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक प्रत्येक वेळी बाजूला लिहा. पहिले तीन-चार आठवडे तक्ता चुकेल, चांगलाच चुकेल. तो सोडून देऊ नका. कोणतं गिऱ्हाईक नेहमी उशीर करतं आणि कोणता खर्च आपण नेहमी विसरतो, हे त्या चुकांमधूनच कळतं.

आणखी एक. व्यवसायाचं आणि घरचं खातं एकच असेल तर आधी ते वेगळं करा, त्याशिवाय हा तक्ता जमणार नाही. जमलं तर करासाठी तिसरं खातं ठेवा आणि पैसे आले की त्यातला ठरलेला वाटा लगेच तिकडे वळवा. ते पैसे आपले नसतातच, पण खात्यात दिसले की आपले वाटतात.

पायरी ३: तास मोजा आणि काही मोकळे ठेवा

एक आठवडा दर तासाला दोन शब्द लिहून ठेवा: काय केलं. कंटाळवाणं आहे, पण एकाच आठवड्याचं काम आहे. बहुतेकांना यातून धक्का बसतो. ज्या कामाचे पैसे मिळतात त्यावर दिवसाचे चार-पाच तासच जातात. बाकी वेळ फोन, चौकशा, दुरुस्त्या, कागदपत्रं आणि एका कामातून दुसऱ्यात शिरण्यात जातो. तरीही नवं काम घेताना आपण हिशेब दहा तासांचा करतो.

यापुढचा मुद्दा बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून थोडं गणित सांगतो. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. येणाऱ्या फोनसाठी किती तारा आणि माणसं लागतील, यावरचा त्यांचा पहिला लेख १९०९ मध्ये आला आणि रांगांचं गणित तिथून सुरू झालं. कामं अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागत असेल, तर या गणिताच्या अगदी साध्या रूपातून असं उत्तर येतं: काम करणारा माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतका वेळ रांगेत थांबावं लागतं. तो ९० टक्के गुंतलेला असेल तर नऊ कामांइतका, ९५ टक्क्यांना एकोणीस. ८० वरून ९५ टक्के, म्हणजे काम फक्त सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढलं आणि थांबण्याचा वेळ जवळजवळ पाचपट झाला.

आठवडा काठोकाठ भरला की एवढ्याशा अडचणीनं सगळ्या तारखा का कोसळतात, ते या आकड्यांत आहे. म्हणून तुमच्या खऱ्या तासांपैकी पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा. वहीत तिथे सरळ "राखीव" असं लिहा आणि कुणी गोड बोललं तरी तो हिस्सा आधी विकू नका. तो वेळ वाया जात नाही. यंत्र बिघडलं, माणूस आजारी पडला, एखादं काम परत आलं, की ते तास आपोआप भरतात. रिकामेच राहिले तर त्यात पुढच्या पायऱ्या करा.

पायरी ४: अंदाज स्वतःच्या नोंदींवरून बांधा

गिऱ्हाइकाला तारीख देताना आपण सगळं सुरळीत पार पडेल असं धरतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव देऊन तिचं कारण मांडलं: माणूस समोरच्या कामाचा तपशील बघतो, पण असल्या कामांना आजवर किती वेळ लागला ते बघत नाही. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, असं विचारल्यावर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस. वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमी पडला.

यावर उपाय एकच आहे. पुढच्या दहा कामांसाठी दोन आकडे लिहा: सुरू करण्याआधीचा अंदाज आणि संपल्यावरचे खरे तास. दहाही अंदाजांची बेरीज ८० तास आली आणि प्रत्यक्ष बेरीज ११६, तर तुमचा गुणक १.४५. यापुढे मनात जो आकडा येईल त्याला १.४५ नं गुणा आणि मगच तारीख सांगा. किंमतही त्यावरूनच ठरवा, कारण वेळ कमी धरला की दरही कमीच लावला जातो, आणि मग जास्त राबून कमी मिळाल्याची चरफड होते.

लांबची तारीख सांगितल्यावर काही गिऱ्हाइकं जातील. ही भीती खोटी नाही. पण दिलेली तारीख पाळणाऱ्याकडे लोक परत येतात, आणि रोज "झालं का?" असे फोन घेण्याचा त्रास टळतो. तो त्रास कुठल्या वहीत दिसत नसला तरी दिवस खाऊन टाकतो.

पायरी ५: आठवड्याची बैठक, रोजची पाच मिनिटं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी ४५ मिनिटं स्वतःसाठी राखा. पैशांचा तक्ता पुढे सरकवा, उधारीची यादी पाहा आणि कोणाला फोन करायचा ते ठरवा, पुढच्या आठवड्याचे तास भरा, पायरी १ ची यादी ताजी करा. बस. ही बैठक चुकली तर दुसऱ्या दिवशी करा, पण सलग दोनदा चुकू देऊ नका.

रोजच्या योजनेबद्दल मला फारसं सांगायचं नाही. तीन कामं निवडा, त्यांपैकी सगळ्यात नकोसं वाटणारं पहिलं करा. लांबलचक यादीचा उपयोग कमी आणि अपराधीपणा जास्त.

संध्याकाळची पाच मिनिटं मात्र सोडू नका. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुढच्या काही दिवसांची राहिलेली कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. प्रयोग लहान आहे, पण करून बघायला काही खर्च नाही. काम बंद करताना उद्याचं लिहा, वही मिटा, ती कामाच्या जागीच ठेवा.

पायरी ६: अडचण येण्याआधी "जर-तर" लिहून ठेवा

घाबरलेल्या अवस्थेत घेतलेले निर्णय महाग पडतात. म्हणून ते निर्णय आधी घेऊन ठेवायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी बरीच वर्षं यावर काम केलं आहे: "मी हे करीन" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "जर असं झालं, तर मी असं करीन" अशा रूपात ठरवलेल्या गोष्टी प्रत्यक्षात जास्त घडतात. आयत्या वेळी विचार करत बसावं लागत नाही.

जर-तर कशावर लिहायचं, हे शोधायला मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये सांगितलेली एक युक्ती वापरा. वर्ष उलटून गेलंय आणि धंदा बंद पडलाय, अशी कल्पना करा. आता मागे वळून पाहा: तो कशानं बंद पडला? "काय चुकू शकतं?" या प्रश्नाला माणूस बिचकत उत्तरं देतो. "चुकलंच आहे, का चुकलं?" असं विचारलं की उत्तरं भराभर येतात. जोडीदार किंवा कामावरची विश्वासू व्यक्ती सोबत असेल तर आणखी चांगलं, त्यांना आपल्याला न दिसणारं दिसतं.

मिळालेल्या उत्तरांपैकी चार-पाच निवडा आणि आकडे घालून लिहा. "जर खात्यातली शिल्लक चार आठवड्यांच्या खर्चाच्या खाली गेली, तर त्याच दिवशी नवी खरेदी थांबवायची आणि उधारीवाल्यांना फोन करायचे." "जर एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं, तर दर आठवड्याला दोन नव्या गिऱ्हाइकांशी बोलायचं." "जर पुरवठादारानं माल दहा दिवसांहून जास्त लांबवला, तर या दुसऱ्याकडून मागवायचा", आणि त्या दुसऱ्याचं नाव-नंबर तिथेच लिहायचा. शेवटी सगळ्यात टाळला जाणारा प्रश्न: जर मी स्वतः दोन आठवडे अंथरुणाला खिळलो तर? चालू कामं, त्यांच्या तारखा, कोणाचं देणं-घेणं, चाव्या कुठे, कोणाला कळवायचं, हे सगळं एका फाइलमध्ये असू द्या आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगा.

पायरी ७: तुमच्या डोक्यातली पद्धत दुसऱ्याच्या हातात द्या

"माझ्याशिवाय कोणाला जमत नाही" हे वाक्य खरं असेल, तर ते जमवण्याची सोय आपणच केलेली नसते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं एक नवं, चार इंजिनांचं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. उड्डाणाआधी सोडायची एक कळ तशीच राहिली होती. वैमानिक अतिशय अनुभवी होते, विमानात बिघाड नव्हता. त्यानंतर उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची लेखी यादी ठेवण्याची पद्धत रुजली आणि तेच विमान पुढे हजारोंच्या संख्येनं वापरलं गेलं. अनुभवी माणूसही गर्दीच्या वेळी विसरतो, यात कमीपणा नाही.

जे काम आठवड्यातून तीनदा होतं आणि ज्यासाठी दर वेळी तुम्हाला विचारलं जातं, तिथून सुरुवात करा. ते काम करता करता पावलं लिहा, नंतर आठवून नको. दहाच्या आत ठेवा. मग कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे अडेल तिथे तुमचा कागद अपुरा आहे. त्याला रागावू नका, कागद दुरुस्त करा. एवढ्या-एवढ्या रकमेपर्यंतचे निर्णय त्यानं न विचारता घ्यावेत, हेही लिहून द्या. पहिल्या महिन्यात काही चुका होतील आणि त्या सोसाव्या लागतील.

नियोजन जिथे पुरत नाही

तक्ता तीन महिने प्रामाणिकपणे ठेवूनही जवळजवळ प्रत्येक आठवडा उणे दाखवत असेल, तर प्रश्न नियोजनाचा नाही. दर कमी आहेत, खर्च जास्त आहे किंवा त्या गोष्टीला मागणीच नाही. अशा वेळी आणखी राबून उपयोग होत नाही. हिशेब समजणाऱ्या तटस्थ माणसापुढे तो तक्ता ठेवा.

आणि शरीर काही सांगत असेल तर तेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाच्या सततच्या ताणामुळे येणाऱ्या कोलमडण्याची (इंग्रजीत "बर्नआउट") तीन लक्षणं दिली आहेत: सगळी शक्ती निघून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आवडीनं सुरू केलेल्या धंद्याचा तिटकारा येऊ लागला असेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत दुखत असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

शेवटची पायरी: दोन दिवस सुट्टी

वरचं सगळं मार्गी लागलं की साधारण तिसऱ्या महिन्यात एक परीक्षा घ्या. महिनाभर आधी तारीख ठरवा, गिऱ्हाइकांना कळवा, कामाच्या याद्या आणि निर्णयांच्या मर्यादा सोबतच्या माणसांना द्या आणि दोन दिवस कामावर जाऊ नका. फोन बंद ठेवा. अगदीच आणीबाणी असेल तर एकाच व्यक्तीनं, एकाच नंबरवर कळवायचं. एकटेच काम करत असाल तर आधीच तयार केलेला निरोप लावून ठेवा आणि कधी उत्तर देणार ते त्यात सांगा.

परत आल्यावर "काय काय झालं?" असं ढोबळ विचारू नका. "मला विचारावंसं कुठे वाटलं?" एवढंच विचारा आणि एकेक उत्तर लिहून घ्या. कोणी म्हणेल चावी सापडली नाही, कोणी म्हणेल जुन्या गिऱ्हाइकाला किती सवलत द्यायची ते कळेना. पाच-सात उत्तरं येतील. येत्या आठवड्याच्या राखीव तासांत त्यांतल्या पहिल्या दोन अडचणींसाठी याद्या लिहायला घ्या, आणि पुढच्या सुट्टीची तारीख त्याच वेळी वहीत टाका.